पित्ताशयात खडे आहेत, नळीतही असतील का? रक्ततपासणी काय सांगते

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले की डॉक्टर ऑपरेशनआधी ‘एलएफटी’, म्हणजे यकृताची रक्ततपासणी करून आणायला सांगतात. खडे पित्ताशयात आणि तपासणी यकृताची, असे का? कारण काही वेळा खडा पित्ताशयातून सरकतो आणि मुख्य पित्तनलिकेत जाऊन बसतो. पित्ताशयात खडे असलेल्या १०० जणांपैकी साधारण १० ते १५ जणांच्या बाबतीत असे झालेले आढळते. पित्ताशय काढले तरी नळीतला खडा तसाच राहतो आणि पुढे कावीळ, जंतुसंसर्ग किंवा स्वादुपिंडाला सूज आणू शकतो.

मराठीत ‘पित्त झालं’ म्हणजे बहुतेकदा आम्लपित्त, नाहीतर अंगावर उठलेल्या गांधी. इथे पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. तो पित्ताशयात साठतो आणि पित्तनलिकेतून लहान आतड्यात उतरतो.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरचा बंधारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचे समजायला सोपे जाईल. पाणी अडले की मागे फुगते आणि पातळी चढली की नर-मादी धबधब्यांतून खाली कोसळते. पित्तनलिकेला असा सांडवा नाही. वाट बंद झाली की पित्तातले घटक उलटे रक्तात उतरतात, आणि रक्ततपासणीत तेच मोजले जातात.

रिपोर्टमध्ये काय पाहतात?

बिलिरुबिन हा पिवळा रंगद्रव्याचा घटक. अडथळा असेल तर त्यातले ‘डायरेक्ट’ बिलिरुबिन जास्त वाढते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग फिका पडतो. फक्त ‘इनडायरेक्ट’ वाढले असेल तर कारण बहुधा वेगळे असते. काही निरोगी माणसांतही ते जन्मभर थोडे वाढलेले असते.

अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी ही विकरे पित्त तुंबल्यावर वाढतात. अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांतूनही येते, त्यामुळे वाढत्या वयाच्या मुलांत ते एरवीही जास्त असते; गरोदरपणात ते वारेतून येऊन वाढते. सोबत जीजीटी वाढले असेल तर बोट यकृत-पित्ताकडे वळते.

एसजीओटी आणि एसजीपीटीची गंमत वेगळी आहे. खडा नुकताच अडकला असेल तर पहिल्या काही तासांत हे आकडे झपाट्याने चढतात, कधी कधी इतके की विषाणूची कावीळ वाटावी. खडा पुढे सरकला की एकदोन दिवसांत उतरूही लागतात. म्हणून एकाच रिपोर्टवर न थांबता डॉक्टर दोनतीन दिवसांनी पुन्हा रक्त तपासायला सांगतात. चढता आकडा आणि उतरता आकडा यांचे अर्थ वेगळे.

रिपोर्ट चांगला आला तर?

या तपासणीचे खरे बळ ‘नाही’ म्हणण्यात आहे. सगळे आकडे नॉर्मल असतील आणि सोनोग्राफीत नळी फुगलेली नसेल, तर नळीत खडा असण्याची शक्यता खूपच कमी असते. उलट बाजू मात्र कच्ची आहे. आकडे वाढले म्हणजे खडा आहेच, असे नाही. पित्ताशयाची नुसती सूज, दारू, काही औषधे, यकृताचे इतर आजार यांनीही ते वाढतात.

अमेरिकेतील एन्डोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली दिलेल्या निकषांत याचा हिशेब आहे. सोनोग्राफीत नळीत खडा दिसणे, नळीला जंतुसंसर्ग होणे, किंवा बिलिरुबिन ४ मिलिग्रॅमच्या वर जाऊन नळीही फुगलेली असणे, यांपैकी काहीही असेल तर धोका मोठा. मग थेट ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून खडा काढणे. नुसतेच आकडे बिघडले असतील तर आधी एमआरसीपी किंवा एन्डोस्कोपिक सोनोग्राफी. ईआरसीपीने काही रुग्णांच्या स्वादुपिंडाला सूज येते, म्हणून ती संशयावरून करत नाहीत.

नळदुर्गच्या रुग्णासाठी हा फरक खर्चाचा आणि प्रवासाचाही आहे. रक्त गावात देता येते. पुढच्या तपासण्यांसाठी मात्र बहुधा हैदराबाद रस्त्याने ४५-५० किलोमीटरवरचे सोलापूर गाठावे लागते.

ऑपरेशनची पद्धत बदलली तसे या आकड्यांना महत्त्व चढले. पोट उघडून शस्त्रक्रिया होत असे तेव्हा सर्जन नळी बोटांनी चाचपून पाहू शकत. १९९० साली मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी भारतात पित्ताशयाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुरू केली. त्यात जखम लहान झाली, पण ते चाचपणे गेले. मग नळीचा अंदाज आधीच घेणे आले.

गावाकडे कावीळ दिसली की माळ घालणे किंवा गावठी औषध घेणे अजून चालते. नळीतला खडा कधी अडतो, कधी तरंगून वाट मोकळी करतो. त्यामुळे कावीळ आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जाते. खडा तिथेच असतो. अशा वेळी जुना आणि नवा, दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखवावेत.

बरगडीखाली उजवीकडे दुखणे, थंडी वाजून ताप आणि डोळ्यांत पिवळेपणा हे तिन्ही एकत्र आले तर नळीत जंतुसंसर्ग झाल्याची शंका घेतात. तेव्हा गावातल्या लॅबच्या रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे लागते. तिथे बाकीच्या रक्ततपासण्यांसोबत रक्त गोठण्याची पीटी-आयएनआर तपासणीही करतात. पित्त आतड्यात पोचले नाही तर व्हिटॅमिन के नीट शोषले जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो, आणि ईआरसीपीच्या आधी ते सुधारून घ्यावे लागते.