पार्किन्सन आणि गोडाची ओढ

पार्किन्सनच्या काही रुग्णांना आजार जडल्यावर, आणि त्याहून अधिक वेळा एखादे औषध सुरू झाल्यावर, गोड खाण्याची अनावर इच्छा होऊ लागते. काहींचे खाणे एकूणच हाताबाहेर जाते. जन्मभर गोडाला फारसा हात न लावलेला माणूस रात्री दोन वाजता दिवा न लावता स्वयंपाकघरात उभा असतो, थरथरत्या हाताने डब्यातला गूळ मोडत असतो. संध्याकाळी आणलेले पाव किलो पेढे सकाळी संपलेले असतात आणि विचारले तर तो कानांवर हात ठेवतो. घरचे याला हावरटपणा म्हणतात, म्हातारपणी जीभ सुटते म्हणून सोडून देतात, नाहीतर डबा वरच्या फळीवर ठेवतात. तिन्ही गोष्टी रुग्णावर अन्याय करणाऱ्या आहेत. ही ओढ आजाराशी आणि पुष्कळदा औषधाशी बांधलेली असते, त्यामुळे तिच्यावरचा उपाय औषधांच्या चिठ्ठीपासून सुरू व्हायला हवा.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजाराचे पहिले नीट वर्णन केले, तेव्हा रुग्णाच्या संवेदना आणि बुद्धी शाबूत राहतात असे त्यांनी लिहून ठेवले. कंप, ताठरपणा आणि मंदावलेल्या हालचाली म्हणजेच पार्किन्सन, ही समजूत त्यानंतर फार काळ टिकली. आजही तपासणीत हात किती थरथरतो हे पाहिले जाते. रात्री काय खाता, हे क्वचितच विचारले जाते. वास्तविक या आजारात कमी पडणारे डोपामीन केवळ हालचालींचे रसायन नाही. एखादी गोष्ट हवीशी वाटणे, ती मिळवायला उठणे, मिळाल्यावर समाधान वाटणे, या साखळीतही त्याचा मोठा वाटा असतो. आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत मेंदूतील हालचालींचा भाग डोपामीनअभावी कोरडा पडतो, पण बक्षिसाची ओढ सांभाळणारा भाग त्या मानाने टिकून असतो. औषध मात्र दोन्हीकडे सारखेच पोचते. कोरड्या शेताला लागेल तेवढे पाणी सोडले की शेजारचा ओला वाफा तुंबतो, तसे काहीसे इथे घडते असे मानले जाते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही डोपामीनची नक्कल करणारी औषधे, ज्यांना डोपामीन अॅगोनिस्ट म्हणतात, या दुसऱ्या भागातील ग्राहींना विशेष जोराने चिकटतात.

पुरावाही त्याच दिशेने बोट दाखवतो. अमेरिका आणि कॅनडातील 3,090 रुग्णांची पाहणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. अनावर जुगार, खरेदी, कामवासना आणि अतिभक्षण यांपैकी निदान एक विकार 13.6 टक्के रुग्णांत आढळला, अतिभक्षण 4.3 टक्क्यांत. अॅगोनिस्ट घेणाऱ्यांत हे विकार 17.1 टक्के होते, न घेणाऱ्यांत 6.9 टक्के. यावर एक रास्त आक्षेप घेता येतो: हा आजाराचाच परिणाम असेल, औषधाचा कशावरून? परंतु औषध अजून सुरूच न झालेल्या नव्या रुग्णांची तुलना निरोगी माणसांशी केली गेली, तेव्हा अशा विकारांत लक्षणीय फरक दिसला नाही. आजाराचा स्वतःचा वाटा अर्थात आहेच. घ्राणशक्ती बहुतेकांची मंदावते. फोडणीचा, कोथिंबिरीचा वास येईनासा झाला की आमटीभाजी सपक लागते. जिभेला थेट कळणारी गोडी तेवढी उरते. उदासी आणि झोपमोड यांचीही भर पडते. म्हणून जेवणानंतर शिऱ्याची वाटी मागणे आणि भूक नसताना, चोरून, थांबता न येता खात राहणे या दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिलीला समजूत पुरते. दुसरीला उपचार लागतो.

‘पार्किन्सनमध्ये वजन घटते, मग खाऊ द्या की,’ असेही म्हटले जाते. बऱ्याच रुग्णांचे वजन घटते हे खरे आहे, आणि अशा माणसाला उगाच पथ्यात कोंडणे चूकच. पण साखरेने स्नायू भरत नाहीत. गोडाने पोट भरले की डाळ, भाजी आणि पाणी मागे पडते, या आजारात आधीच छळणारे बद्धकोष्ठ वाढते, आणि मधुमेह असेल तर दुहेरी ओझे होते. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे: गोड खाल्ल्यावर काहींना बरे वाटते. पार्किन्सनवरच्या लेव्होडोपा या औषधाला मेंदूत शिरताना प्रथिनांतील काही अॅमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते. पिष्टमय पदार्थांमुळे इन्सुलिन वाढते आणि ती आम्ले रक्तातून स्नायूंकडे वळतात. तेव्हा रुग्णाचे म्हणणे निव्वळ मनाचे खेळ म्हणून झटकू नये. मात्र त्याचा अर्थ पेढा हे औषध आहे असा नव्हे. लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा तास घेणे आणि प्रथिनांचा मोठा भाग रात्रीच्या जेवणाकडे सरकवणे, हे मार्ग डॉक्टरांच्या सल्ल्याने आजमावता येतात.

उपचाराचा गाभा औषधांच्या फेरआखणीत आहे. अतिभक्षण औषधाशी जुळत असेल तर अॅगोनिस्टची मात्रा हळूहळू उतरवतात आणि गरजेप्रमाणे लेव्होडोपावर भर देतात; तेवढ्याने भागले नाही तर मानसोपचाराची जोड देतात. ब्रिटनमधील 2017 च्या अधिकृत मार्गदर्शिकेचा क्रमही असाच आहे, आणि औषध सुरू करतानाच रुग्णाला व घरच्यांना या धोक्याची तोंडी व लेखी कल्पना द्यावी असे ती सांगते. आपल्याकडे निदान तोंडी तरी ती दिली जायला हवी. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही वजन वाढू शकते, हेही आधी सांगायला हवे. घरात जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, गोड जेवणाबरोबर आणि वाटीत वाढून द्यावे, रात्रीसाठी फळ हाताशी ठेवावे. गिळायला त्रास असेल तर चिक्की आणि कोरडे लाडू टाळावेत. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याला अचानक थरथर, घाम आणि गोडाची निकड जाणवली, तर तो पार्किन्सनच आहे असे धरून न चालता रक्तातली साखर तपासावी, आणि ती उतरलेली असेल तर त्या वेळी साखर लगेच द्यावी.

यात रुग्णाची काहीच जबाबदारी नाही असे नव्हे. ती लपवाछपवी सोडून सांगण्याची आहे, आणि माणूस लाज वाटेनाशी झाली तरच सांगतो. म्हणून ‘किती खाल्लेस’ यापेक्षा ‘हे कधीपासून होतेय’ असे विचारावे. आठवडाभर औषधाची वेळ आणि खाण्याची वेळ शेजारी-शेजारी लिहून तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. अॅगोनिस्ट मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये: त्याने तीव्र अस्वस्थता, घबराट आणि नैराश्य येऊ शकते.