छप्पर माळ्यावर

पेरांबूरला माझ्या काकांच्या घरी मागच्या पडवीच्या माळ्यावर एका मोटारीचे छप्पर ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेले असे. पाच वर्षांतून एक दिवस ते खाली उतरे, मोटारीवर बसवले जाई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माळ्यावर जाई. मोटार खाली पोर्चमध्ये उभी असे: १९६६ ची, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. काका गेले, काकूंनी घर विकायला काढले, आणि गाडी माझ्याकडे आली. मी तमिळमधून मराठीत भाषांतरे करते. मोटारीतले मला काही कळत नव्हते. तरी गाडीबरोबर एक प्रश्नही वाट्याला आला. त्या छपराचे करायचे काय?

त्यासाठी आधी हे पाहिले पाहिजे की मोटारीचे छप्पर असे काढता येतेच कसे.

१९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला एक नवी लहान गाडी काढायची होती. तोपर्यंत बहुतेक कारखाने अखंड सांगाड्याच्या गाड्यांकडे वळले होते. तळ, भिंती आणि छप्पर एकत्र जोडून एकच कवच करायचे आणि सगळा भार त्या कवचाने पेलायचा, अशी ती पद्धत. पण एवढे मोठे पत्रे दाबून द्यायला तसा पुरवठादार लागतो. स्टँडर्डला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये प्रतिस्पर्ध्याने, बीएमसीने, विकत घेतली होती. म्हणून कॉव्हेंट्रीने जुन्या वाटेने जायचे ठरवले. खाली स्वतंत्र लोखंडी चॅसी आणि वर निरनिराळ्या ठिकाणी बनवून घेतलेले बॉडीचे भाग, बोल्टांनी एकमेकांना जोडलेले. रेखाटन इटलीतल्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांचे. एप्रिल १९५९ मध्ये ट्रायम्फ हेराल्ड बाजारात आली. इंजिन ९४८ सीसीचे, वजन सुमारे ८०० किलो. बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटे आणि सगळे इंजिन उघडे पडे. गाडी जवळजवळ साडेसात मीटरच्या वर्तुळात वळे. आणि छप्पर हा एक सुटा भाग होता. पुढे काचेच्या चौकटीला आणि मागे डिकीच्या कडेला बोल्टांनी धरलेला. १९६० मध्ये कारखान्यानेच त्याच गाडीची उघडी आवृत्तीही काढली.

सुट्या भागांची गाडी दूरच्या देशात नेऊन जुळवायला सोयीची असते. मद्रासमध्ये स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी १९४८ मध्येच सुरू झाली होती. शहराच्या दक्षिणेला वंडलूरला तिचा कारखाना होता. १९६१ पासून तिथे हेराल्ड तयार होऊ लागली, पण ट्रायम्फ नव्हे, ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने. शब्दांत रमणाऱ्या माणसाला इथे थांबावेसे वाटते. इंग्लंडमध्ये ‘स्टँडर्ड’ या शब्दाचा अर्थ तोवर घसरला होता. ‘उत्तम दर्जाचा’ हा अर्थ जाऊन ‘साधा, डीलक्स नसलेला’ असा अर्थ आला, आणि १९६३ मध्ये तिथे मोटारींवरून ते नावच गेले. मद्रासमध्ये तो शब्द आपल्या जुन्या मानात राहिला. कारखाना थांबेपर्यंत, म्हणजे १९८८ पर्यंत, तो गाड्यांवर झळकत होता.

कॉव्हेंट्रीत दरम्यान आणखी एक गोष्ट घडली. हेराल्डची चॅसी साडेआठ इंचांनी आखूड करून, बाजूंचे आडवे हात काढून, तिच्यावर दोन जणांची उघडी, हलकी स्पोर्ट्स कार बनवून पाहण्यात आली. पैसे संपले आणि ती नमुन्याची गाडी कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून राहिली. १९६१ मध्ये लेलँडने कंपनी घेतली, तेव्हा नव्या व्यवस्थापनातल्या स्टॅन्ली मार्कलंड यांना ती दिसली. कापड निघाले, आणि १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर रस्त्यावर आली. १९८० पर्यंत अशा तीन लाखांहून अधिक गाड्या निघाल्या.

म्हणजे ज्या हाडांवर स्पिटफायर उभी राहिली, ती हाडे वंडलूरला रोज जुळवली जात होती. स्पिटफायर मात्र तिथे कधीच बनली नाही. परकीय चलन तुटपुंजे, प्रत्येक नव्या मॉडेलला परवाना हवा, आणि ज्या देशात चार माणसे बसतील अशी गाडी मिळायला वाट पाहावी लागते तिथे दोन माणसांच्या हौशीला परवाना कोण देणार? वंडलूरची हेराल्ड संसारी होत गेली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिला चार दारे आली. पुढे गझेल आली, तिला मागे साधा, अखंड ॲक्सल बसवला होता. १९७७ मध्ये तीही बंद झाली.

हौस मात्र परवान्यावाचून जगत होती. मद्रासच्या उत्तरेला शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती. १९५३ मध्ये स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब तिथे शर्यती भरवत असे. हेराल्डही तिथे धावत. काका दर वर्षी जात. बंपर आणि मागची सीट काढून गाडी हलकी केलेली त्यांनी तिथे पाहिली. काढता येईल ते काढून टाकायचे, हा धडा ते तिथून घेऊन आले.

काका पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत वेल्डिंगकडे होते. १९५५ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यात स्विस आराखड्यावरून रेल्वेचे पोलादी डबे बनत. हे डबे अखंड कवचाचे, त्यामुळे जुन्या डब्यांपेक्षा हलके. १९७५ मध्ये काकांनी जुनी हेराल्ड घेतली आणि १९७७ मध्ये एका रविवारी तिचे छप्पर उतरवले. काकू घाबरल्या तेव्हा ते म्हणाले, “अगं, आमच्या डब्याचं छप्पर काढलं तर डबा वाकेल. हिचा भार खालची चॅसी वाहते. हिचं काढलं तर फक्त ऊन लागेल.” ऊन लागू नये म्हणून त्यांनी ऑटोरिक्षाची हुडे शिवणाऱ्याकडून काळ्या रेक्झिनचे हूड शिवून घेतले, घडीच्या सळ्यांसकट. माझ्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून मद्रासला जात असू. ऊन उतरले की काका आम्हा मुलांना मागे बसवून मरीनावर नेत. खारा वारा तोंडावर घेत समुद्राच्या कडेने जाणे म्हणजे माझ्यासाठी मद्रास.

तोच खारा वारा गाडी खातो. चॅसीचे बाजूचे हात आधी गंजतात, मग दारांखालचा पत्रा. ऑक्टोबरपासूनच्या पावसात रेक्झिनच्या शिवणींतून पाणी शिरते आणि पायाखालच्या गालिच्यात मुरते. पावसाळा संपला की गालिचा काढून तळ कोरडा करायचा, गंज खरवडायचा, रंगाचा हात द्यायचा. सुट्या भागांसाठी पुदुपेट. तिथे जुन्या मोटारी सुट्या करून विकणाऱ्यांच्या गल्ल्या आहेत, आणि तिथे नाव नव्हे, वस्तू दाखवावी लागते.

एक भाग मात्र मी पुस्तकातून शिकले. हेराल्डच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली एका पितळी तुकड्यात आट्यांवर फिरतो. त्याला ट्रनियन म्हणतात. त्यात दाट गिअर ऑइल भरायचे असते. ग्रीस भरले तर ते आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, पाणी राहते, पोलाद गंजते, आणि एखाद्या वळणावर दांडा तुटून चाक आडवे होते. १९८८ मध्ये काकांच्या गाडीचे तसे झाले होते. गाडी हळू होती म्हणून निभावले. सध्याच्या मेस्त्रींना मी इंग्रजी पुस्तकातले ते पान तमिळमध्ये वाचून दाखवले. ते म्हणाले, “अम्मा, ग्रीसचं नाक दिसलं की आम्ही ग्रीस भरतो. चाळीस वर्षं भरत आलोय.” मग त्यांनी तिथे खडूने ‘ऑइल’ असे लिहिले. माझ्या कुठल्याही भाषांतराचा इतका थेट उपयोग झालेला मला आठवत नाही.

आता छपराविषयी. कायद्याने मोटारीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. काकांच्या कागदपत्रांत गाडी ‘सलून’ आहे. म्हणून नोंदणी नव्याने करायची वेळ आली की छप्पर माळ्यावरून खाली येई. तपासणीला गाडी सलून म्हणून जाई आणि घरी आली की पुन्हा उघडी होई. काकांना यात गंमत वाटे. मला भीती वाटते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. गाडी रोजच्या वापराला चालणार नाही, प्रदर्शन आणि रॅलीपुरती बाहेर काढायची. आणि अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. नियमामागचे कारण मला पटते. प्रत्येकाने आपल्या हौसेने बदल केले तर वंडलूरला काय बनत होते याचा पुरावाच उरणार नाही.

पण पुरावा कशाचा? १९६६ मध्ये कारखान्यातून निघालेली गाडी अकरा वर्षे छप्परवाली होती, नंतर जवळजवळ पन्नास वर्षे उघडी. जी स्पोर्ट्स कार या शहराला कुणी दिली नाही, ती एका वेल्डरने पान्याने आणि एका रिक्षाच्या हूडवाल्याने सुईदोऱ्याने बनवली. हाही मद्रासच्या मोटारींचाच इतिहास आहे, पण अर्जात त्याच्यासाठी रकाना नाही. मूळ संहितेशी प्रामाणिक राहायचे की ती जिथे पोचली तिथल्या रूपाशी, हा वाद माझ्या धंद्यात रोजचा आहे. तिथे निदान दोन्ही प्रती शेल्फवर ठेवता येतात. गाडी एकच असते.

गेल्या जानेवारीत मी छप्पर बसवले. मेस्त्रींनी आधी सगळे बोल्ट सैल लावून छप्पर बसू दिले, मग एकेक आवळला. गाडीवर काकांनी पुढे दिलेला क्रीम रंग आहे. छपरावर अजून कारखान्याचा निळा आहे, ताडपत्रीत राहिल्यामुळे जवळजवळ नवा. तो मी बदललेला नाही. अर्ज भरला.

हूड आणि त्याच्या सळ्या त्याच ताडपत्रीत गुंडाळून माझ्या माळ्यावर ठेवल्या आहेत. सोबत एक वही आहे. छप्पर कधी काढले, कोणी काढले, हूड कोणत्या मापाचे, कोणत्या भोकात कोणता बोल्ट, आणि ट्रनियनला ग्रीस नव्हे, ऑइल, हे सगळे तीत लिहिले आहे. तमिळ आणि मराठी, दोन्ही भाषांत. पुढे ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला एक पाना आणि एक रविवार पुरेल.