बुसानला गेलेले १३० जण

परदेशी गुंतवणुकीची बातमी आली की आम्ही पत्रकार मथळ्यात कोटींचा आकडा टाकतो. मीही इतकी वर्षं तेच करतोय. पण बांगलादेशात शर्ट शिवण्याचा धंदा कसा उभा राहिला ते वाचलं, आणि वाटलं आपण भलताच आकडा मोजतोय.

१९७४ साली श्रीमंत देशांनी आयात कपड्यांवर कोटे बसवले. दक्षिण कोरियाच्या कंपन्यांची पंचाईत झाली. शिवायची ताकद आहे, पण अमेरिकेत पाठवायला मर्यादा. मग कोटा न लागलेला देश शोधणं आलं. म्हणजे बघा, बांगलादेशचं दार उघडलं ते खुल्या व्यापारामुळे नाही, तर व्यापार अडवल्यामुळे!

ढाक्यात नुरुल कादर नावाचे माजी सनदी अधिकारी होते. त्यांनी 'देश गारमेंट्स' काढली आणि कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. देवूने भांडवल घातलं नाही. तंत्र शिकवायचं, माल विकून द्यायचा आणि विक्रीवर टक्केवारी घ्यायची, असा व्यवहार. १९७९ मध्ये १३० बांगलादेशी बुसानच्या कारखान्यात शिकायला गेले. त्यात काही बायकाही होत्या.

१९८० मध्ये ढाकावाल्यांचे शर्ट निघू लागले आणि १९८१ मध्ये त्यांनी देवूशी करारच मोडला. एवढा आत्मविश्वास! पुढे त्या १३० पैकी ११५ जण ही कंपनी सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना टाकला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. कादर यांचं नुकसान झालं असेल, पण धंदा गावभर झाला. माझ्या मते या सगळ्या कहाणीत मथळ्याचा आकडा हाच, ११५.

अर्थात नुसतं शिकून भागत नाही, भांडवल लागतं. तिथे दोन सोयी कामी आल्या. निर्यातीच्या मालासाठी आणलेलं कापड बाँडेड गोदामात ठेवायचं, त्यावर आयात शुल्क नाही. आणि परदेशी गिऱ्हाइकाने उघडलेल्या एलसीच्या आधारावर बँक कापडासाठी दुसरी एलसी देणार. खिसा रिकामा असलेला माणूसही ऑर्डर मिळाली की कारखानदार.

आज त्या देशाच्या निर्यातीत ८० टक्क्यांच्या वर कपडेच आहेत. लाखो बायकांच्या हातात पगार आला.

पण शिलाई जितक्या झपाट्याने पसरली, तितक्या झपाट्याने इमारती तपासणारं कुणी तयार झालं नाही. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा कोसळली. अकराशेच्या वर माणसं गेली. तडे आदल्या दिवशीच दिसले होते. तरी सकाळी सगळ्यांना कामावर बोलावलं होतं.