उदरप्रवेश उपकरणे

उदरप्रवेश उपकरणे : उदरभित्तीला मोठा छेद न घेता लहान छिद्रांतून दुर्बीण व शस्त्रे उदरगुहेत नेण्यासाठी वापरण्यात येणारी साधने. वायू भरण्याची सुई आणि ट्रोकार ही त्यांतील प्रमुख होत. ट्रोकार म्हणजे नलिका व तिच्यातून जाणारी टोकदार सळई यांची जोडी. भित्तीचा भेद झाल्यावर सळई काढून घेतात व नलिका मार्ग म्हणून राहते. नलिकेतील झडपेमुळे वायू निसटत नाही.

इतिहास : ट्रोकार हे मूळचे जलोदरातील पाणी काढण्याचे उपकरण. सळईच्या टोकाच्या तीन धारांवरून त्याला हे फ्रेंच नाव मिळाले. गेओर्ग केलिंग या जर्मन शल्यतज्ञांनी १९०१ मध्ये कुत्र्याच्या उदरात हवा भरून अंतर्दर्शन केले. स्वीडनमधील हान्स क्रिस्टियान याकोबेयस यांनी १९१० मध्ये ते जलोदराच्या रोग्यांवर केले. अशा रोग्यांच्या उदरात साठलेल्या द्रवामुळे ट्रोकार घालण्यास अवकाश मिळे. इतरांत आतडी भित्तीलगत असतात व कृश व्यक्तीत बेंबीपासून महारोहिणी काही सेंमी. अंतरावरच असते. त्यामुळे न दिसता होणारा पहिला भेद हाच शस्त्रक्रियेतील अत्यंत जोखमीचा क्षण होय. या क्षेत्रातील बहुतेक सुधारणा ही जोखीम कमी करण्यासाठीच झाल्या.

हंगेरीचे यानोश व्हेरेस यांनी १९३८ मध्ये वर्णिलेली सुई मूळची क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी होती. सुईचे तीक्ष्ण टोक पोकळीत शिरताच स्प्रिंगमुळे बोथट अंतर्नलिका पुढे येते व आतील इंद्रियांचे रक्षण होते. हॅरिथ हॅसन यांनी १९७१ मध्ये खुली पद्धत मांडली. तीत लहान छेदातून थर पाहत उघडून बोथट सळईची नलिका बसवितात.

भारतात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ मध्ये निदानासाठी उदरांतर्दर्शन सुरू केले. संगणकीय क्ष-किरण चित्रण त्या वेळी उपलब्ध नसल्याने, पोट न उघडता निदान करण्याचे ते मोलाचे साधन ठरले. याच रुग्णालयात त्यांनी १९९० मध्ये या पद्धतीने पित्ताशय काढण्याची देशातील पहिली शस्त्रक्रिया केली.

प्रकार : धारदार टोकाचा ट्रोकार ऊतके कापीत जातो, तर बिनधारेचा शंक्वाकृती ट्रोकार ती बाजूला सारतो. पारदर्शक टोकाच्या ट्रोकारात दुर्बीण ठेवून प्रत्येक थर पाहता येतो. नलिकांचा व्यास सामान्यतः ५ ते १२ मिमी. असतो. उदरात कार्बन डाय-ऑक्साइड साधारण १२ ते १५ मिमी. पारा इतक्या दाबाने भरतात. हा वायू ज्वालाग्राही नसतो व रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. १० मिमी. वा त्याहून मोठ्या छिद्राचा खोल थर न शिवल्यास तेथे अंतर्गळ होऊ शकतो.

कोणत्याही उपकरणाने इजेची शक्यता पूर्णपणे नाहीशी होत नाही. म्हणून आत शिरताच दुर्बिणीने प्रवेशस्थानाखालील भाग तपासणे आवश्यक असते.