सांध्यांची परीक्षा

मोहाली हे वयाने लहान नगर. 1966 साली पंजाबची पुनर्रचना झाली आणि त्यानंतर चंदीगडच्या शेजारी ते वाढत गेले. 4 एप्रिल 1905 रोजी कांगडा खोरे हादरून सुमारे 20,000 माणसे मेली, तेव्हा हे नगर नव्हतेच. त्या भूकंपाची आठवण त्याला नाही. परंतु भारतीय मानकाच्या 2002 च्या नकाशात शिवालिकच्या पायथ्याची ही भूमी चौथ्या, म्हणजे तीव्र धोक्याच्या पट्ट्यात पडते. येथे प्रीकास्ट काँक्रीटची घरे बांधावयाची, तर त्या पद्धतीचा इतिहास आधी पाहिला पाहिजे.

खांब, तुळया, भिंती कारखान्यात ओतावयाच्या आणि जागेवर आणून जोडावयाच्या, ही ती पद्धत. तेथले काँक्रीट बहुधा सरसच असते; दुबळेपणा असतो तो सांध्यात. भूकंपात इमारत आडवी हेलकावते आणि तुळई व खांब जेथे मिळतात तेथेच ताण सर्वांत अधिक येतो. सोयीसाठी जोडही नेमका तेथेच घेतला जातो.

किल्लारीला काँक्रीट नव्हते, तरी प्रकार तोच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तेथील जाड दगडी भिंतींचे आतले व बाहेरचे थर फाकले, कारण त्यांना बांधणारे आरपार दगडच नव्हते. माळवदाची माती निजलेल्या माणसांवर आली. लाकडी खण जेथे नीट सांधलेले होते, तेथे भिंती ढासळूनही माळवद कित्येकदा तगले.

प्रीकास्टची खरी कसोटी लागली ती 7 डिसेंबर 1988 रोजी, आर्मेनियातील लेनिनाकान शहरात. प्रीकास्ट चौकटीच्या सुमारे 130 नऊमजली इमारती तेथे होत्या. निम्म्याहून अधिक जमीनदोस्त झाल्या. त्याच शहरातील मोठ्या भिंत-तक्त्यांच्या इमारती मात्र उभ्या राहिल्या. चौकटीचा भार मोजक्या, वेल्डिंग केलेल्या सळ्यांवर होता. तक्त्यांच्या सांध्यांची लांबीच मोठी, म्हणून ताण वाटला गेला. पुढे कच्छमध्ये 26 जानेवारी 2001 रोजी नव्या प्रीकास्ट शाळांची छपरे खाली आली. छताचे तक्ते भिंतींवर नुसते टेकलेले होते, एकमेकांशी बांधलेले नव्हते. प्रजासत्ताक दिन असल्याने त्या सकाळी वर्ग भरले नव्हते.

उपाय अज्ञात नाहीत. दोन्ही भागांतील सळ्या एकमेकींवर घेऊन जागेवर काँक्रीट भरावे; छताच्या तक्त्यांवर सळ्यांसह काँक्रीटचा थर घालून सारे एकसंध करावे. 1999 साली कॅलिफोर्नियात सॅन डिएगो येथे पाचमजली नमुना हलवून पाहिला, तेव्हा ताणलेल्या पोलादी तारांनी सांधा उघडू द्यावा व पुन्हा मिटवावा, हा निराळा मार्गही सिद्ध झाला.

अडचण आहे ती देखरेखीची, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. सळईभोवतीच्या नळीत ओतलेला सिमेंटचा मसाला तळापर्यंत भरला की मध्येच अडला, हे बाहेरून कळत नाही. ते पाहावयाचे तर मसाला ओतताना तेथे उभे राहावे लागते. अधिकारी बहुधा गिलाव्यानंतर येतो, आणि त्याच्यापुढे असते ती एक गुळगुळीत भिंत.