सातवीच्या मुलाला नववीचे गणित? बारामती-इंदापूरच्या पालकांपुढील प्रश्न

बारामती : वर्गात गणितात सातत्याने आघाडीवर असणाऱ्या सहावी-सातवीच्या मुलाला नववी-दहावीचे गणित आताच शिकवावे काय, हा प्रश्न बारामती व इंदापूर तालुक्यांतील अनेक घरांत उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी चर्चेला येतो. इंजिनिअरिंग प्रवेशाची स्पर्धा, ‘फाउंडेशन’ या नावाने चालणारे क्लास आणि शेजारच्या मुलाने तेथे घेतलेला प्रवेश, अशा तीन बाजूंनी पालकांवर दडपण येते. हा निर्णय किरकोळ नाही. त्यात मुलाची तीन-चार वर्षांची संध्याकाळ आणि घरातील मोठी रक्कम गुंतलेली असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या विषयाविषयीची त्याची ओढही पणाला लागते.

आपल्याकडील शाळेत एकाच विषयात पुढच्या इयत्तेत बसण्याची सोय नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी लागते. अमेरिकेत आठवीचा विद्यार्थी नववीच्या बीजगणिताच्या तासाला बसू शकतो. राज्य मंडळाच्या शाळेत सातवीचा विद्यार्थी गणितातही सातवीतच राहतो. केंद्रीय मंडळाने २०१९-२० पासून दहावीला गणिताचे ‘स्टँडर्ड’ व ‘बेसिक’ असे दोन स्तर केले, पण त्याचा सहावी ते आठवीशी संबंध नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या माध्यमिक परीक्षेला वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे तो मार्गही बारा वर्षांच्या मुलाला बंदच असतो. थोडक्यात, पुढचे गणित म्हणजे शाळेबाहेरचे गणित. ते घरी, क्लासमध्ये किंवा स्पर्धेच्या तयारीतून शिकावे लागते आणि शाळेचा अभ्यास त्याच्या जोडीला चालूच राहतो.

दोन वर्षे पुढे म्हणजे नेमके काय?

‘बालभारती’च्या २०१७ व २०१८ मध्ये आलेल्या पुस्तकांची मांडणी पाहिली, तर या उडीचा अर्थ स्पष्ट होतो. सातवीत बैजिक राशी, वर्गविस्ताराची सूत्रे, सम व व्यस्त चलन आणि पायथागोरसचा सिद्धान्त आहे. आठवीत अपरिमेय संख्या, राशींचे अवयव, एका चलातील समीकरणे आणि चक्रवाढ व्याज येते. नववीत वास्तव संख्या, बहुपदी, निर्देशक भूमिती व त्रिकोणमितीची ओळख होते, तर दहावीत वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी व समरूपता शिकवली जाते. हे मजले एकमेकांवर उभे आहेत. अवयव पाडण्याची सवय कच्ची असताना वर्गसमीकरण शिकवले, तर मुलाच्या हाती फक्त सूत्र उरते. गुणोत्तर पक्के नसताना त्रिकोणमिती शिकवली, तर साइन, कोसाइन ही नुसती नावे पाठ होतात. ‘फाउंडेशन’च्या नावाखाली बहुतेकदा पाया सोडून वरच्या मजल्याचीच घाई होते, हा विरोधाभास कोणाच्या फारसा लक्षात येत नाही.

मूल तयार आहे की नाही, हे वार्षिक परीक्षेतील ९५ गुणांवरून कळत नाही. सातवीच्या प्रश्नपत्रिकेत ९५ मिळवणारी दोन मुले एकमेकांपासून फार दूर असू शकतात, कारण त्या पट्टीची उंचीच तेवढी आहे. यावर एक उपाय घरी करता येतो. उसाच्या या पट्ट्यात उतारा हा शब्द मुलांच्या कानांवरून गेलेलाच असतो. एकरी ४० टन ऊस आणि ११ टक्के उतारा असेल, तर साखर किती, हा प्रश्न सातवीचे बरे मूल सोडवेल. उत्तर ४४ क्विंटल. पुढचा प्रश्न असा विचारावा, की उतारा १० वरून ११ टक्के झाला, तर साखर किती टक्क्यांनी वाढली? बरीच मोठी माणसेही याचे उत्तर एक टक्का असे देतात. दहा टक्के हे उत्तर देऊन त्याचे कारण सांगणाऱ्या मुलाला प्रमाण समजले आहे. तिसरा प्रश्न : एका कारखान्याचा उतारा १० टक्के, दुसऱ्याचा १२ टक्के, तर दोघांचा मिळून किती? ‘११’ असे उत्तर लगेच येते. मात्र ‘दोघांनी ऊस सारखा गाळला की साखर सारखी केली?’ असा उलट प्रश्न करणारे मूल वेगळे असते. ऊस सारखा असेल तर ११ टक्के बरोबर, साखर सारखी असेल तर उत्तर सुमारे १०.९ येते. अशा मुलाच्या हाती आठवी-नववीचे पुस्तक बिनदिक्कत द्यावे. पहिल्या उत्तरावर थांबणाऱ्या मुलात काही उणे आहे असे नव्हे. त्याला सातवीचेच गणित अधिक खोल शिकण्याची गरज आहे, इतकेच.

वरच्या इयत्तेची चाचणी देऊन पात्रता ठरवण्याची ही पद्धत नवी नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितात असाधारण गती असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. महाविद्यालयीन प्रवेशासाठीची ‘सॅट’ ही परीक्षा त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना दिली. त्यात चमकलेल्या मुलांना वेगाने पुढे नेले आणि पुढे अनेक दशके त्यांचा मागोवा घेतला गेला. अशा मुलांचे पुढे गेल्याने नुकसान झाले नाही, उलट अडवून ठेवल्यास ती कंटाळतात, असा या अभ्यासाचा सर्वसाधारण निष्कर्ष आहे. पालकांना हा निष्कर्ष सांगितला जातो. त्याआधीची निवड किती कडक होती, हे मात्र सांगितले जात नाही.

याची दुसरी बाजू नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट-मेक्लेनबर्ग जिल्ह्यात दिसली. तेथे २००२-०३ च्या सुमारास मध्यम कुवतीच्या मुलांनाही आठवीत बीजगणित घ्यायला लावण्यात आले. क्लॉटफेल्टर, लॅड व विग्डोर या अर्थतज्ज्ञांनी त्याचे परिणाम तपासले, तेव्हा घाईने पुढे ढकललेल्या मुलांची बीजगणिताच्या परीक्षेतील कामगिरी खालावल्याचे आणि पुढे भूमितीतही त्यांना फायदा न झाल्याचे आढळले. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये नेमके उलट टोक गाठले. समानतेच्या नावाखाली आठवीतील बीजगणित सर्वांसाठीच बंद करण्यात आले. त्यावर पालकांत मोठा असंतोष माजला आणि २०२४ मध्ये ते परत आणण्याचा निर्णय तेथील शिक्षण मंडळाला घ्यावा लागला. सर्वांना ढकलणे आणि सर्वांना अडवणे या दोन्ही गोष्टी अंगलट आल्या.

अंतराचा हिशेब

बारामती शहरातील पालकाला हा निर्णय तुलनेने सोपा आहे. शिक्षणसंस्थांचे मोठे जाळे शहरात आहे, महाविद्यालयांतील गणिताचे प्राध्यापक हाकेच्या अंतरावर आहेत. शारदानगर येथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या विज्ञान व नावीन्यता केंद्रासारखी सोयही आहे. इंदापूर तालुक्यातील लासुर्णे किंवा निमगाव केतकीच्या पालकाचा हिशेब निराळा असतो. बारामती ते इंदापूर हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. शाळा सुटल्यावर एसटीने क्लासला जाऊन रात्री परतणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाच्या हातात दिवसाचे काय उरते, हे पालकांनी एका आठवड्यासाठी कागदावर लिहून पाहावे. गणित हा विषय निवांतपणा मागतो. एका प्रश्नाशी तासभर एकट्याने झुंजण्यातून जे येते, ते प्रवासाने दमलेल्या मुलाला क्लासच्या फळ्यावरून उतरवून घेता येत नाही.

मुलींच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते. शाळेच्या प्रवासासाठी त्यांना एसटीचा मोफत पास मिळतो, पण संध्याकाळच्या क्लाससाठी बहुतेक घरांतून त्यांना पाठवले जात नाही. मुलगा व मुलगी दोघेही गणितात हुशार असतील, तर क्लासची फी कोणासाठी भरली जाते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. वास्तविक मुलींसाठी ‘युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिंपियाड’ ही स्वतंत्र आंतरराष्ट्रीय स्पर्धा असून भारताचा संघ २०१५ पासून त्यात उतरतो आहे.

क्लासविषयी आणखी एक बाब पालकांना ठाऊक असायला हवी. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिकवणी केंद्रांनी १६ वर्षांखालील, अर्थात माध्यमिक परीक्षा न दिलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, असे म्हटले आहे. सहावीपासून प्रवेश परीक्षेची तयारी करून घेण्याची जाहिरात या पार्श्वभूमीवर वाचावी.

माध्यमाचा प्रश्नही येथे आडवा येतो. मराठी माध्यमात ‘अवयव’, ‘चल’, ‘सहगुणक’ शिकलेल्या मुलाला क्लासमध्ये ‘फॅक्टर’, ‘व्हेरिएबल’, ‘कोइफिशंट’ ऐकावे लागते. सेमी-इंग्रजीच्या मुलांना हा त्रास कमी होतो. इतर मुलांना पहिले काही महिने गणित अवघड वाटते की इंग्रजी, हेच कळत नाही आणि पालक ‘त्याला झेपत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढून मोकळे होतात. दोन्ही भाषांतील शब्दांची वही आधी करून घेतली, तर हा अडथळा सहज दूर होतो.

पुढे नको, आडवे चला

पुढच्या इयत्तेचे पुस्तक हाच हुशार मुलासाठी एकमेव खुराक आहे, ही समजूत मुळात तपासायला हवी. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांचा ६१७४ हा स्थिरांक जगभर ओळखला जातो, पण तो पाहण्यासाठी वजाबाकीपलीकडे काहीच लागत नाही. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करावी आणि हेच पुन्हा करीत राहावे. ३५२४ पासून सुरुवात केल्यास ३०८७, ८३५२ आणि तिसऱ्या पायरीला ६१७४ येते. कोठूनही निघाले तरी सात पायऱ्यांच्या आत तेथेच पोचतो. असे का होते आणि तीन अंकी संख्येत काय होईल, हे शोधणारे मूल दहावीचे पुस्तक न उघडताही खऱ्या गणितात शिरलेले असते.

बारामतीकरांना तर घरचेच उदाहरण आहे. कविवर्य मोरोपंतांचे (१७२९-१७९४) वास्तव्य येथे होते व त्यांच्या आर्या मराठी घरांत पाठ होत्या. आर्या हे मात्रावृत्त असून त्यात लघूची एक मात्रा व गुरूच्या दोन मात्रा मोजतात. वृत्ताचे अन्य नियम बाजूला ठेवून, ठरावीक मात्रा लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येतील, असे मुलाला विचारावे. एक मात्रा एका प्रकारे, दोन मात्रा दोन प्रकारे, तीन मात्रा तीन प्रकारे, चार मात्रा पाच प्रकारे, पुढे आठ, तेरा, एकवीस. बारा मात्रांना २३३ प्रकार होतात. प्रत्येक संख्या मागील दोहोंची बेरीज असते, कारण शेवटी लघु असेल किंवा गुरू, तिसरा पर्यायच नाही. युरोपात फिबोनाचीच्या नावे ओळखला जाणारा हा क्रम विरहांक व हेमचंद्र या छंदशास्त्रकारांनी त्याच्या आधीच सांगितला होता. सातवीच्या मुलाला हे समजते आणि वृत्ते शिकवणारे मराठीचे शिक्षकही यात मदत करू शकतात. शाळांनी असा तास का घेऊ नये?

वाचनासाठी डॉ. मंगला नारळीकर यांचे ‘गणितगप्पा’ हे मराठीतील पुस्तक आहे. डॉ. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान शालेय मुलांसाठी गणिताचे उपक्रम व ऑलिंपियाडचे मार्गदर्शन करीत आले आहे. बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर असल्याने दर आठवड्याला जाणे कठीण असले, तरी सुटीतील वर्गांची चौकशी जरूर करावी.

परीक्षांचे वेळापत्रक ध्यानात ठेवा

बहुतांश घरांत शिष्यवृत्ती परीक्षा आधी येते. एकूण ३०० पैकी १०० गुण गणिताला असलेली ही परीक्षा पूर्वी चौथी व सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला नेण्यात आली आणि ती पुन्हा चौथी व सातवीकडे आणण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये घेतला. आपल्या मुलाचे वर्ष कोणते, हे शाळेत विचारून घ्यावे. आठवीतच राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षाही असते. शासकीय व अनुदानित शाळेतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलाला तिच्यातून नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार रुपये मिळतात. ऊसतोड किंवा रोजंदारीवर चालणाऱ्या घरात ही रक्कम त्रिकोणमितीपेक्षा मोलाची आहे. तिच्यासाठी सातवी-आठवीचेच गणित अचूक व वेगाने यावे लागते. अशा मुलाला त्याच वर्षी नववीच्या पुस्तकात अडकवणे हा तोट्याचा सौदा होय.

ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली ‘आयओक्यूएम’ ही परीक्षा आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना देता येते. ती साधारणपणे सप्टेंबरमध्ये होते. तीन तासांत ३० प्रश्न, १०० गुण. अंकशास्त्र, बीजगणित, भूमिती व संयोजनशास्त्र हे तिचे विषय असून तेथे कलनशास्त्र लागत नाही. ‘अकरावी-बारावीचे आधी उरकून घेऊ’ या धोरणाचा तिथे उपयोग होत नाही. आठवीत ही परीक्षा अनुभवासाठी द्यावी, निकालासाठी नव्हे. पहिल्याच प्रयत्नात चार-पाच प्रश्न सुटले तरी त्या मुलाने खाली मान घालण्याचे कारण नाही.

आमच्या मते सातवीपर्यंत आडवा विस्तार आणि आठवीपासून, मुलाची स्वतःची मागणी असेल तरच, पुढची इयत्ता, हा क्रम या दोन तालुक्यांतील बहुतेक मुलांना मानवेल. याला अपवाद असतात व ते ओळखूही येतात. टेरेन्स टाओ या ऑस्ट्रेलियन मुलाने १९८६ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षाच्या आत, आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचे कांस्यपदक मिळवले होते. अशा मुलाला कोणी क्लासला ढकलावे लागत नाही, त्याला पुस्तके पुरवताना पालकांचीच दमछाक होते.

सुरुवात करायचीच असेल, तर वर्षाची फी एकरकमी भरण्याऐवजी उन्हाळ्याच्या सुटीत आठवीच्या पुस्तकातील अवयवांचे प्रकरण घरी करून पाहावे. हे पुस्तक ‘बालभारती’च्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. सहा आठवड्यांनंतर मूल स्वतःहून पुढचे पान उलटत असेल, तर शाळेतील गणिताच्या शिक्षकांना भेटून पुढची आखणी करावी. पुस्तक कपाटात गेले असेल, तर ते वर्षभर तेथेच राहू द्यावे. पुढच्या सुटीत ते पुन्हा काढता येते.