संकेतक लिपिडे व अवयववृद्धी

संकेतक लिपिडे : पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींना चिकटून तिला वाढीचा किंवा विभाजनाचा संदेश देणारी स्निग्ध द्रव्ये. चरबी म्हटली की साठवलेले इंधन एवढेच डोळ्यांपुढे येते. ही द्रव्ये मात्र इतक्या अल्प प्रमाणात काम करतात की त्यांना संप्रेरकांच्या पंगतीत बसवणेच योग्य. लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल (एलपीए) व स्फिंगोसीन-१-फॉस्फेट (एस१पी) ही त्यांतील प्रमुख.

प्रयोगशाळेत पेशी वाढवताना पोषक द्रवात वासराच्या गर्भाचा रक्तरस घालतात. तो नसेल तर बहुतेक पेशींचे विभाजन थांबते. हे सामर्थ्य केवळ प्रथिनांचे नाही. रक्त गोठताना बिंबाणूंतून एस१पी बाहेर पडते आणि ऑटोटॅक्सिन या विकरामुळे एलपीए तयार होते. जिथे रक्त साखळते तिथेच ऊती भरून यायची असते, हे लक्षात घेतले की ही योजना किती नेमकी आहे ते कळते.

या लिपिडांचा संदेश पेशीत कसा उतरतो, हे समजण्यासाठी आधी अवयवाचा आकार आवरणारी संकेतसाखळी पाहावी लागते; तिला ‘हिप्पो’ म्हणतात. तिच्यातील एक जनुक बिघडलेल्या फळमाशीचे डोके पाणघोड्याच्या कातडीसारखे जाड व सुरकुतलेले दिसते, त्यावरून २००३ मध्ये हे नाव पडले. या साखळीतील लॅट्स विकर ‘यॅप’ प्रथिनाला केंद्रकाबाहेर रोखून धरते. २००७ मध्ये उंदराच्या यकृतात यॅपचे प्रमाण वाढवले, तेव्हा यकृत शरीराच्या वजनाच्या सुमारे ५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांपर्यंत फुगले. यॅप थांबवताच ते पुन्हा आक्रसले. हा लगाम बाहेरून कोण सैल करतो, याचे एक उत्तर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील कुन-लियांग ग्वान यांच्या गटाने दिले : रक्तरसातील एलपीए व एस१पी. ती ग्राहींना चिकटली की जी-प्रथिने व ‘ऱ्हो’ हे संदेशवाहक प्रथिन यांच्यामार्फत पेशीतील ॲक्टिन तंतूंची मांडणी बदलते, लॅट्स निष्प्रभ होते, आणि यॅप केंद्रकात शिरून विभाजनाची जनुके चालू करते. हा पुरावा मुख्यतः काचपात्रातील पेशींचा आहे. त्यावरून सबंध अवयवाचे माप ठरवण्याची घाई करू नये.

या लिपिडांच्या कार्याचा सजीवातील पुरावा रक्तवाहिन्यांचा. एस१पीचा पहिला ग्राही नसलेले उंदीर गर्भातच रक्तस्रावाने मरतात, कारण कोवळ्या वाहिन्यांभोवती स्नायुपेशींचे पुरेसे आवरण चढत नाही. त्यांचे कर्करोगाशी असलेले नाते तर ऑटोटॅक्सिनच्या शोधातच आहे : १९९२ मध्ये ते मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींनी स्रवलेल्या द्रवात, त्यांची हालचाल वाढवणारे द्रव्य म्हणून प्रथम सापडले.